पेंढ्यातील साखर आणि प्रयोगशाळेचे दार
डॉ. कमला सोहोनी ह्यांचे जीवन व कार्य

भाताची कापणी उरकली होती आणि खाचरांतून वालाची रोपे डोके वर काढीत होती. त्या दिवसांत महाड व पोलादपूर तालुक्यांतील काही वाड्यांवर जाण्याचा योग आम्हांस आला. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून पोलादपुरावरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यात डोंगरउतारावर नाचणी व वरी, सपाटीवर भात आणि भातामागून जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, असे शेतीचे जुने चक्र आहे. अनेक घरांतील कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईस असतात. घर आणि शेत बायकांच्या खांद्यावर असते.

अशाच एका घराच्या अंगणात एक म्हैस पेंढा रवंथ करीत उभी होती. घरातील सातवी-आठवीतील मुलीने आम्हांस एक प्रश्न विचारला. हा वाळका पेंढा खाऊन म्हशीच्या अंगी बळ येते आणि ती दूध देते. मग माणसाने तोच पेंढा खाल्ला तर त्याचे पोट का भरू नये? आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. पेंढ्याचे ज्ञान तेथे मिळाले नव्हते. आम्ही निरुत्तर झालो. वाल निवडीत बसलेल्या आजीने हसून नातीला दटावले. मुलीच्या जातीने असले प्रश्न विचारून काय साधायचे, असा त्या दटावण्याचा रोख होता.

परत आल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा एका मराठी स्त्रीचे चरित्र आमच्यासमोर आले. वनस्पती आपल्यातील साखरेचा उपयोग करून जगते कशी, हे समजून घेण्यात तिने तारुण्य वेचले आणि झाडांच्या गोड रसाचा लाभ गरिबांच्या लेकरांना व्हावा म्हणून पुढील आयुष्य दिले. विशेष म्हणजे आजीच्या त्या दटावणीचे उत्तरही तिच्याच जीवनात सापडले. डॉ. कमला सोहोनी हे ते नाव. ही कथा आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

विद्येचे घर

कमलाताईंचा जन्म १९११-१२ च्या सुमारास इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटा ह्यांच्या दूरदृष्टीतून बंगलोर येथे उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत शिकलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. थोरली बहीण म्हणजे मराठी वाचकांना सुपरिचित असलेल्या विदुषी दुर्गाबाई भागवत. एक बहीण लोकसाहित्याकडे व लेखनाकडे वळली आणि दुसरी विज्ञानाकडे. दोघींच्या स्वभावात मात्र एक समान धागा होता: जे पटत नाही त्यापुढे मान तुकवायची नाही.

मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी कमलाताईंनी १९३३ मध्ये मिळविली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय, भौतिकशास्त्र जोडीचा. त्या विद्यापीठात पहिल्या आल्या. वडील आणि काका जेथे शिकले त्या बंगलोरच्या संस्थेत संशोधन करावे, ही इच्छा अगदी स्वाभाविक होती. गुणांच्या बळावर प्रवेश मिळेल ह्याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांनी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला.

बंद दार

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविले गेलेले ते थोर वैज्ञानिक. अर्ज नाकारण्याचे कारण गुण अथवा पात्रता हे नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच ते कारण होते.

कमलाताई वडील व काकांसह बंगलोरला गेल्या आणि त्यांनी स्वतः रामन ह्यांची भेट घेतली. तरीही नकार कायम राहिला. तेव्हा महात्मा गांधींच्या मार्गाची अनुयायी असलेल्या ह्या तरुणीने संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह करण्याचा पवित्रा घेतला. नकाराचे समाधानकारक कारण मिळाल्यावाचून आपण हलणार नाही, असे तिचे म्हणणे होते. अखेरीस रामन ह्यांनी प्रवेश दिला, परंतु अटी घालून. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या कामास मान्यता मिळणार नव्हती. शिवाय त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये, हीही अट होती.

येथे आम्हांस महाडची आठवण होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क मिळाला, पण अस्पृश्य गणल्या गेलेल्या बांधवांना चवदार तळ्याच्या पाण्यास हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा हक्क माणसाच्या हाती आला. एका सुशिक्षित कुटुंबातील मुलीचा अवमान आणि पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून ठेवलेल्या समाजाची वेदना ह्यांना एकाच तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही; त्या वेदनेची खोली निराळीच होती. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. पाणी असो वा विद्या, दार उघडे आहे असे नियमात लिहिल्याने ते उघडत नाही. कोणी तरी त्या दारात जाऊन उभे राहावे लागते.

कमलाताईंनी अटी मान्य केल्या, पण तो अन्याय त्या विसरल्या नाहीत. पुढे अनेक वर्षांनी, भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या एका मेळाव्यात, रामन थोर वैज्ञानिक असले तरी ह्या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते आणि तो आपला व समस्त स्त्रीवर्गाचा अपमान होता, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. मोठ्या माणसाचे मोठेपण मान्य करावे आणि त्याची चूकही चूक म्हणावी, हा सत्यनिष्ठेचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

बंगलोरला एम. श्रीनिवासय्या हे शिस्तप्रिय आणि विद्यार्थ्यांवर माया करणारे गुरू त्यांना लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये ह्यांतील प्रथिनांवर कमलाताईंनी तेथे काम केले. देशातील बहुसंख्य लोक ज्या अन्नावर जगतात त्याचा शास्त्रीय अभ्यास त्या काळी फार थोडे लोक करीत होते. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली. वर्षभरातच रामन ह्यांचे समाधान झाले होते आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. कमलाताईंचे हे पहिले यश. त्यावर कोणाही वैज्ञानिकाचे नाव कोरलेले नाही, पण त्याचा लाभ आजवर असंख्य मुलींनी घेतला आहे.

बटाट्याचा श्वास

१९३७ मध्ये कमलाताई इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरावयास दिले आणि स्वतः रात्री काम करण्याचे ठरविले. एका ठिकाणी स्त्री म्हणून दार लावून घेतले गेले, दुसऱ्या ठिकाणी परक्या देशातील माणसाने स्वतःची जागा रिकामी करून दिली. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाताई वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करू लागल्या.

त्यांच्या हाती आला तो साधा बटाटा. कोपऱ्यात पडून असलेला बटाटा आपणांस निर्जीव वाटतो, पण तो जिवंत असतो आणि अखंड श्वास घेत असतो. हिरवे पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते. ती साखर झाड देठातून, खोडातून मुळापर्यंत पोहोचविते आणि उरलेली पिठाच्या रूपाने कंदात किंवा दाण्यात साठवून ठेवते. पण साखर साठविली म्हणजे काम झाले असे नाही. कोंब फुटावयाचा, मूळ वाढावयाचे, तर त्या साखरेतील शक्ती मोकळी करावी लागते. सरपण चुलीत घालून एकदम जाळावे तसे पेशीला करता येत नाही. तसे केल्यास ती स्वतःच जळून जाईल. म्हणून पेशी साखर पायरीपायरीने फोडते. तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे सोपविले जातात आणि शेवटी ते हवेतील प्राणवायूला जाऊन मिळतात. आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि कळशी हातोहात पुढे जाते, तसाच हा प्रकार. प्रत्येक हातबदलात थोडी थोडी शक्ती पेशीच्या पदरी पडते.

ह्या रांगेतील एक महत्त्वाचा गडी म्हणजे सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत व यीस्टमध्ये त्याचे कार्य केंब्रिजमधीलच डेव्हिड कीलिन ह्यांनी १९२५ पासून उलगडून दाखविले होते. बटाट्यापासून आरंभ करून कमलाताईंनी दाखवून दिले की, हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते आणि त्यांच्या श्वसनात भाग घेते. म्हणजे माणूस, म्हैस, बटाटा आणि डोळ्यांना न दिसणारे यीस्ट ह्या सर्वांच्या श्वासाची घडण मुळात एकच आहे. सृष्टीच्या एकात्मतेविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ बोलतो. ह्या तरुणीने ती बटाट्याच्या फोडीत पाहिली.

हा शोध त्यांनी अवघ्या चाळीस टंकलिखित पानांच्या प्रबंधात मांडला. केंब्रिजला आल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत हे काम पूर्ण झाले आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत ही पदवी संपादन करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. प्रबंधाचे मोल पानांच्या जाडीवर नसते, हेही त्यांनी सहज दाखवून दिले.

मायदेशी

परदेशातच राहून उत्तम काम करता आले असते. कमलाताई मात्र १९३९ मध्ये भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर संशोधन केले. १९४७ मध्ये विमागणिती असलेल्या माधवराव सोहोनी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. येथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू होत होता. तेथे प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली. त्यांच्या कामाचे विषय पाहिले तर ते सारे स्वयंपाकघरातून आणि शेतातून आलेले दिसतात: कडधान्ये, तांदूळ, दूध, ताडगूळ, नीरा. आरे दूध प्रकल्पासही दुधाच्या दर्जासंबंधी त्यांनी सल्ला दिला.

त्यांच्या प्रयोगशाळेने १९५०च्या दशकात वालावर केलेले काम रायगडच्या वाचकांना जिव्हाळ्याचे वाटेल. कच्च्या वालात प्रथिनांचे पचन अडविणारे एक द्रव्य असते. आपल्या पोटातील ट्रिप्सिन ह्या पाचकद्रव्याला ते निष्प्रभ करते. कमलाताईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालातून हे द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. बीजाचा फडशा पडू नये म्हणून वनस्पतीने केलेली ही संरक्षणाची तजवीज होय. नीट शिजविल्याने तिचा जोर कमी होतो.

वालाची दुसरी खोड सर्वांना ठाऊक आहे: पोटात वायू धरतो. त्याचे कारण मात्र प्रथिन नसून साखर होय. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा जोडसाखरा असतात. त्या फोडणारे द्रव्य माणसाच्या आतड्यात नसते. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार करतात. वाल भिजत घालून त्यांस मोड आणले की बीज जागे होते आणि कोंबाच्या वाढीसाठी ह्या साखरा स्वतःच फोडून वापरू लागते. पोलादपूरच्या त्या आजी वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करतात, तेव्हा अर्धे पचन त्यांनी वालाकडूनच करून घेतलेले असते. नातीला दटावणाऱ्या आजींच्या हातात हे शास्त्र कधीचेच होते. फक्त ते शास्त्र आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पहाटेचा रस

कमलाताईंचे नाव सर्वाधिक जोडले गेले ते नीरेशी. ताड आणि माड ह्या झाडांच्या पोयीला काप देऊन खाली मडके बांधले की रात्रभर त्यात रस ठिबकतो. पहाटे काढलेला ताजा रस म्हणजे नीरा. पानांत तयार झालेली साखर फुलोऱ्याकडे निघालेली असते. तिला वाटेतच गाठून आपण ती घेतो. नीरेत साधारणपणे दहा ते पंधरा टक्के साखर असते आणि ती मुख्यत्वे उसात असते तीच.

परंतु ही गोडी अल्पायुषी असते. हवेतील आणि मडक्यातील यीस्ट व जीवाणू त्या रसात उतरतात. ऊन चढू लागले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. यीस्ट त्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते आणि त्यांपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते. जीवाणू रस आंबट करतात. आंबण्याची क्रिया सूक्ष्मजीव घडवून आणतात, हे लुई पाश्चर ह्यांनी १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनातून सिद्ध केले होते. नीरेची ताडी होते ती ह्याच मार्गाने. पूर्वी पाव फुगविण्यास ताडी घालीत, तेव्हाही हेच यीस्ट कामास येई. मडक्यास आतून चुना लावला तर सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते आणि नीरा काही काळ टिकते.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा ताडी काढून पोट भरणाऱ्या कुटुंबांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. नीरा आणि ताडगूळ हा त्यांच्यासाठी सन्मानाचा पर्याय ठरू शकत होता. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून कमलाताईंनी नीरेचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. नीरेत साखरेसोबत अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे, तसेच नीरा आटवून गूळ केला तरी ही पोषकद्रव्ये टिकून राहत असल्याचे त्यांना आढळले. पुढे आदिवासी समाजातील कुपोषित मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसून आली. ह्या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्या विदुषीने केंब्रिजमध्ये पेशीच्या श्वासाचे कोडे सोडविले, तिने आपले ज्ञान ताडाखालच्या मडक्यापर्यंत आणि आदिवासी मातेच्या वाटीपर्यंत नेले. अन्न महाग नसावे, जवळ मिळणारे असावे आणि अंगी लागावे, हा त्यांच्या संशोधनाचा कायम रोख होता. तोच रस सूक्ष्मजीवांच्या हवाली केला तर घर उद्ध्वस्त करणारे पेय होते आणि वेळीच राखला तर अशक्त लेकराचे अन्न होते. फरक काही तासांचा आणि बोटभर चुन्याचा असतो.

पेंढ्यातील साखर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. झाड आपली सर्व साखर रसात वाहू देत नाही किंवा कंदात साठवीत नाही. बराचसा भाग ते आपल्या पेशींच्या भिंती बांधण्यात घालते. भाताच्या पेंढ्याचा साधारण एकतृतीयांश भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कणांची लांबच लांब, घट्ट विणलेली साखळी. पेंढ्याचा आणखी पाचवा ते चौथा हिस्सा निराळ्या साखरांच्या साखळ्यांचा असतो. त्यांत झायलोज प्रमुख. लाकडाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. मराठीत तिला काष्ठशर्करा म्हणता येईल. ग्लुकोजच्या कणात कार्बनचे सहा अणू असतात, झायलोजमध्ये पाच. ग्लुकोजपासूनच बनलेल्या एका द्रव्यातील कार्बनचा एक अणू कमी करून वनस्पती ही साखर तयार करते.

म्हणजे पेंढा हा साखरेचाच साठा आहे, परंतु कुलूप लावलेला. ते कुलूप उघडणारी पाचकद्रव्ये माणसाच्या पोटात नाहीत. खरे पाहता म्हशीच्या स्वतःच्या शरीरातही ती नाहीत. म्हशीच्या मोठ्या पोटकप्प्यात अगणित सूक्ष्मजीव वसतीला असतात. ते ह्या साखळ्या तोडतात, साखर खातात आणि तिच्यापासून काही सौम्य आम्ले तयार करतात. ती आम्ले म्हशीच्या रक्तात शोषली जातात आणि त्यांच्यावर तिचे पोषण होते. म्हैस सूक्ष्मजीवांना घर आणि चारा देते. ते तिला बळ देतात. पेंढ्याचे दूध होण्याचे रहस्य ह्या सहजीवनात आहे.

ग्लुकोज खाणारे पुष्कळ. झायलोज खाण्याची कला मात्र थोड्यांना अवगत आहे. पाव फुगविणारे नेहमीचे यीस्ट झायलोजवर वाढून मद्यार्क बनवू शकत नाही. अनेक जीवाणू मात्र एका द्रव्याच्या साहाय्याने झायलोजची अंतर्गत रचना बदलून झायल्युलोज करतात, त्यास फॉस्फेट जोडतात आणि मग ते आपल्या नेहमीच्या मार्गाने वापरतात. काही निराळ्या जातींची यीस्ट हेच काम दोन पायऱ्यांनी करतात: आधी झायलोजचे झायलिटॉल आणि मग झायलिटॉलचे झायल्युलोज.

योगायोग असा की, ह्या बाबतीत माणसाच्या मदतीस आलेला एक जीवाणू ताडीतच आढळतो. त्याचे नाव झायमोमोनास. गोड रस आंबविण्यात तो मोठा पटाईत, पण झायलोजला तो स्पर्शही करीत नसे. अमेरिकेतील संशोधकांनी दुसऱ्या एका जीवाणूतील चार जनुके त्याच्यात घालून १९९५ मध्ये त्याला काष्ठशर्करा आंबविण्यास शिकविले. शेतातील काडीकचऱ्यापासून इंधन बनविण्याच्या प्रयत्नांत हा महत्त्वाचा टप्पा ठरला. भारतात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल तयार करणारा हरियाणातील पानिपत येथील कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज ह्या कंपनीचे आहे. कमलाताई ह्या कामात नव्हत्या. त्या त्याआधीच निवर्तल्या होत्या. पण वनस्पतीची साखर कोण, कशी आणि कोणासाठी वापरतो, हा जो प्रश्न त्यांनी बटाट्याला आणि नीरेला विचारला, तोच आज पेंढ्याला विचारला जात आहे.

उत्तरायुष्य

मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर कमलाताईंचा अधिकार असतानाही अंतर्गत राजकारणामुळे त्यांना सुमारे चार वर्षे डावलण्यात आले. बंगलोरचे दार तरुणपणी उघडले, तरी दारे लावून घेण्याची वृत्ती संपली नव्हती. अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी स्त्री असणे ही त्या काळी अपूर्व घटना होती.

१९६६ मध्ये मुंबईत काही जागरूक स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठी संस्था स्थापन केली. कमलाताई त्यांपैकी एक होत्या. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, वजनमापात फसवणूक होत असल्यास काय करावे, हे सामान्य गृहिणींना समजेल अशा भाषेत त्या सांगत. १९८२-८३ मध्ये त्यांनी ह्या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले आणि तिच्या नियतकालिकातून लेखन केले. प्रयोगशाळा सुटली तरी स्वयंपाकघराशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या कमलाताईंचा नवी दिल्ली येथे गौरव केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या आरंभी ज्या विज्ञानजगताने दार लावले होते, त्यानेच शेवटच्या क्षणी त्यांना सन्मानाने उभे केले होते. त्यांची थोरली बहीण दुर्गाबाई २००२ मध्ये गेल्या. दुर्गाबाईंचे नाव मराठी घरांत सर्वांच्या ओठी आहे. धाकटीचे तितके नाही. ही उणीव आपण भरून काढावयास हवी.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला पत्राने कळविले आहे. म्हशीच्या पोटातील सूक्ष्मजीवांची हकीकत तिला आवडेल अशी आशा आहे. आजींसाठीही दोन ओळी लिहिल्या: त्या वाल भिजवितात ते विज्ञान आहे, म्हणून नातीने विज्ञानाचे प्रश्न विचारणे हे घरचीच विद्या पुढे नेणे आहे.

आमच्या धर्मग्रामांतील आईवडिलांना आणि शिक्षकांना आम्ही एवढेच विनवितो. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवावे की पुढे चालू ठेवावे, हा विचार ह्या उन्हाळ्यात अनेक घरांत होईल. महाविद्यालय दूर आहे, वाहनाचा खर्च आहे, घरी हात कमी आहेत, ह्या अडचणी खऱ्या आहेत. त्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. परंतु त्या अडचणींच्या आड आपण स्वतःच दारात तर उभे नाही ना, हे एकदा तपासून पाहावे. बंगलोरच्या त्या दारात एक मुलगी हटून उभी राहिली, म्हणून वाल आणि नीरा ह्यांसारख्या आपल्या साध्या अन्नाचे गुणदोष आपणांस शास्त्राने कळले. उद्या पेंढ्याचे कुलूप गरिबाच्या घरासाठी उघडणारी मुलगी कदाचित पोलादपूरच्या एखाद्या वाडीवर आज म्हशीला चारा घालीत असेल. तिच्या प्रश्नाला कोणी हसू नये.